पाण्याखालचं पान कार्बन कुठून मिळवतं: हायड्रिला, कबोंबा आणि सामूच्या बाटल्या

चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि सगळं उन्हात. शाळेतला हा प्रयोग सगळ्यांना आठवतो. बुडबुडे येईनात की चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, बुडबुडे वाढले की वहीत ‘ऑक्सिजन तयार झाला’ असं लिहून मोकळं व्हायचं. त्या सोड्याने पानाला नेमकं काय दिलं, हा प्रश्न बहुतेक वेळा तसाच राहतो. खरं तर पाण्यातल्या वनस्पतीचं अर्धं आयुष्य त्या चिमटीत सामावलेलं आहे.

पुढे दिलेली रीत सांगली-सातारा भागातल्या अकरावी-बारावीच्या आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि शेततळ्याच्या पाण्याकडे नीट बघू इच्छिणाऱ्या कुणासाठीही आहे. बुडबुडे मोजण्यापेक्षा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजणं कितीतरी खात्रीचं असतं. म्हणून सगळा भर त्यावरच ठेवला आहे.

कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेलं

हवेत आज कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण ४२० भाग आहे. अशा हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला तो लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. एक लिटर हवेत असतो जवळपास तेवढाच. म्हणजे अडचण साठ्याची नाही, चालीची आहे. पाण्यात हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. शिवाय प्रत्येक पानाला न हलणाऱ्या पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो. संथ पाण्यात तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाड होतो. पान आपल्या जवळचा कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, आणि नवा त्या थरातून येईपर्यंत कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर अर्धपोटी राहतं. भरीला पानाने सोडलेला ऑक्सिजनही तिथेच साचतो. रुबिस्को मग कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागतं आणि कमावलेल्या कार्बनपैकी काही हातचा जातो.

त्याच पाण्यात कार्बनचा दुसरा, बराच मोठा साठा असतो तो बायकार्बोनेटचा. खायचा सोडा म्हणजे सोडियमचं बायकार्बोनेटच. सामू ६.३५ असेल तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट निम्मे-निम्मे असतात. सामू एकाने वाढला की बायकार्बोनेटच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड दहाव्या हिश्श्यावर येतो. ८.३ सामूला एकूण अकार्बनी कार्बनपैकी (कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मिळून) जेमतेम एक टक्का कार्बन डायऑक्साइड उरतो, बाकी जवळजवळ सगळं बायकार्बोनेट. आपला भाग काळ्या पाषाणाचा. बेसॉल्ट झिजताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट येतं. विहिरीच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो तो त्याचाच. पण बायकार्बोनेट हा विद्युतभारित आयन आहे, पेशीच्या पटलातून तो आपोआप आत शिरत नाही. कणगी भरलेली असते, पण तिचं तोंड ज्याला उघडता येतं त्यालाच दाणे मिळतात.

गोड्या पाण्यातल्या ज्या वनस्पती आजवर तपासल्या गेल्या, त्यांतल्या साधारण निम्म्यांना हे तोंड उघडता येतं. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम आणि कारा त्यांत मोडतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या कबोंबाला ते जमत नाही. पाण्यातल्या मॉसपैकी (शेवाळं नव्हे, मॉस) बहुतेकांनाही ते जमत नाही. पुढची सगळी मांडणी हा फरक डोळ्यांनी पाहण्यासाठी आहे.

सामान

२५० मिलिलिटरच्या घट्ट झाकणाच्या १२ काचेच्या बाटल्या लागतील. प्लॅस्टिकची चालते, पण तिच्यातून वायू थोडाफार झिरपतो, त्यामुळे काच बरी. पेनासारखा पीएच मीटर ०.०१ पर्यंत दाखवणारा हवा. सोबत मीटर जुळवायला ७ आणि ९.२ सामूच्या बफर गोळ्या. ४ ची गोळी इथे फारशी उपयोगाची नाही, कारण आपलं सगळं मोजमाप ७ ते १०.५ च्या पट्ट्यात होतं. खायचा सोडा घ्यायचा, बेकिंग पावडर नाही. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं आणि सगळं गणित बिघडतं. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी चार लिटर, २० वॅटचा पांढरा एलईडी दिवा, स्ट्रॉ, मऊ ब्रश, काळं कापड. दुसऱ्या टप्प्यासाठी, म्हणजे पुढे विहिरीच्या पाण्याची तपासणी आहे तिच्यासाठी, ब्युरेट, शंकुपात्र, मिथिल ऑरेंज आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. आम्ल कॉलेजच्या प्रयोगशाळेतच तयार करून घ्यावं. ०.१ नॉर्मलचं २० मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत पाणी भरलं की ०.०२ होतं.

वनस्पती आणायची ती कुठून

हायड्रिला संथ पाण्यात भरपूर मिळते: शेततळी, कालव्याचे कडेचे भाग, म्हैसाळसारख्या बंधाऱ्यामागचं तुंबलेलं पाणी. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत. नदीत उतरून हायड्रिला काढू नये. काठावरून लांब बांबूला दाताळं बांधून ओढावं, तेही दिवसाउजेडी आणि सोबत कुणी असताना. विहीर किंवा शेततळं हाताशी असेल तर तिथूनच घ्यावं. अस्तराचं शेततळं असेल तर काठ निसरडा असतो, दोर बांधूनच वाकावं.

कासच्या पठारावरून काही आणू नका. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारशात आल्या त्यांत कास आहे. तिथल्या डबक्यांत वाढणारा वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, फार थोड्या जागी उरलेला आहे. बघायला जावं, हात लावू नये.

आणलेल्या हायड्रिलाचे शेंड्याकडचे ८ ते १० सेंटिमीटरचे तुकडे तेवढे ठेवायचे, खालचा जुनाट भाग टाकून द्यायचा. वाहत्या पाण्याखाली ब्रशने हलकेच घासायचं आणि स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळून घ्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. पानावर चिकटलेलं सूक्ष्म शेवाळं स्वतः बायकार्बोनेट वापरतं. कबोंबाच्या बाटलीत ते गेलं तर सामू १० च्या पुढे जातो आणि कबोंबाला जे येत नाही ते येतं असा निष्कर्ष निघतो. साफ केलेल्या फांद्या दोन-तीन दिवस दिव्याखाली साध्या पाण्यात ठेवाव्यात. कापल्याची जखम भरते, आणि तुटक्या पेशींमधून पाझरणारा रस प्रयोगाच्या पाण्यात उतरत नाही.

पाणी तयार करणं

आदल्या संध्याकाळी चार लिटर आरओचं पाणी दहा मिनिटं खळखळा उकळा, झाकण ठेवून रात्रभर गार होऊ द्या. उकळण्याचं कारण ऑक्सिजन घालवणं हे आहे. बंद बाटलीत प्रकाशसंश्लेषण चालू झालं की ऑक्सिजन साचत जातो, आणि सुरुवातच ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याने झाली तर वनस्पती वेळेआधी थांबते.

सोडा पाणी गार झाल्यावरच घालायचा. सोडा घालून पाणी उकळलं तर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून कार्बोनेट उरतं, सामू १० च्या वर जातो आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपतो. ही चूक वर्गात दरवर्षी कुणाकडून तरी होतेच.

२.१ ग्रॅम सोडा २५० मिलिलिटर गार पाण्यात विरघळवा. हा साठा. यातले १० मिलिलिटर दर लिटर पाण्याला, म्हणजे चार लिटरला ४०. असं पाणी एक मिलिमोल बायकार्बोनेटचं होतं, लिटरला ८४ मिलिग्रॅम सोडा.

आता सामू ७ वर आणायचा. स्ट्रॉ बुडवून हळूहळू फुंकर घाला. उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे सामू भराभर उतरतो. ७.०० च्या आसपास आला की थांबा. जास्त उतरला तर पाणी थोडं ढवळून हवेशी खेळू द्या, तो परत चढतो. फुंकायचं काम मोठ्या माणसाने करावं, पाणी तोंडात जाऊ देऊ नये.

मीटर त्याच दिवशी ७ आणि ९.२ च्या ताज्या बफरवर जुळवा. कालचा ९.२ चा बफर वापरू नका, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकलेला असतो. आपलं पाणी क्षार कमी असलेलं असल्याने आकडा स्थिर व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात. पहिला दिसलेला आकडा टिपून पुढे जाऊ नये.

बाटल्या लावणं

तीन बाटल्यांत हायड्रिला, तीनमध्ये कबोंबा, तीन नुसत्या पाण्याच्या, आणि तीन हायड्रिलाच्याच पण काळ्या कापडात गुंडाळलेल्या. प्रत्येक बाटलीत वनस्पती २ ग्रॅम, टिपकागदावर हलकं टिपून वजन केलेली. दाबून पिळू नका. २ ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर पानं एकमेकांवर सावली धरतात आणि ऑक्सिजन लवकर साचतो. फार कमी घेतलं तर दिवस संपतो तरी सामू हलत नाही.

पाणी काठोकाठ भरा, आत हवेचा मोठा फुगा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावा. बाटल्या पाण्याच्या परातीत उभ्या करा आणि दिवा २० सेंटिमीटरवर ठेवा. परातीतलं पाणी बाटल्या गरम होऊ देत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीतली बंद खोली ३५ अंशांच्या पुढे जाते. तापमान वाढलं की श्वसन वाढतं आणि रुबिस्कोची ऑक्सिजन पकडण्याची खोडही वाढते, त्यामुळे अंतिम सामू खाली येतो. पाणी २५ ते २८ अंशांत राहील असं बघा. थेट उन्हात ठेवू नका.

दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक बाटली हलकेच उलटी-सुलटी करा. पानाला चिकटलेला संथ थर मोडायचा असतो. एक बाटली मुद्दाम न हलवता ठेवून बघा: तिचा सामू हळू चढतो. वाहत्या कालव्यात हायड्रिला का माजते, याचा एक भाग इथेच दिसतो.

दोन तासांनी पहिलं मोजमाप, मग दर तासाला. झाकण उघडून मीटर बुडवून लगेच बंद करायचं. एका तासात ०.०५ पेक्षा कमी फरक पडू लागला की थांबलं असं समजा. साधारण सहा ते आठ तास लागतात.

आकडे वाचणं

पान पाण्यातून कार्बन उचलतं, पण पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, त्याने बदलत नाही. कार्बन डायऑक्साइड उचललं तर ती तशीच राहते. बायकार्बोनेट उचललं तर बदल्यात हायड्रॉक्साइड बाहेर येतं, आणि हिशेब तिथल्या तिथे जुळतो. म्हणूनच अल्कलिनिटी एक मिलिमोल धरून नुसत्या सामूवरून पाण्यात किती कार्बन उरला ते सांगता येतं. २५ अंशांसाठी एकूण अकार्बनी कार्बन, लिटरमागे मिलिमोलमध्ये, असा:

सामू ७.० ला १.२२, ७.५ ला १.०७, ८.० ला १.०२, ८.५ ला ०.९९, ९.० ला ०.९५, ९.५ ला ०.८६, १०.० ला ०.६८, १०.५ ला ०.४३.

या आकड्यांकडे थोडा वेळ बघत राहा. ७ ते ८.२ या चढणीत साधारण ०.२२ मिलिमोल जातात, आणि तो सुरुवातीला फुंकून घातलेला मोकळा कार्बन डायऑक्साइड आहे. त्यापुढचं प्रत्येक पाऊल बायकार्बोनेटच्या कणगीतून येतं. ९ सामूला मोकळा कार्बन डायऑक्साइड लिटरला ०.१ मिलिग्रॅमवर आलेला असतो, १० ला तो ०.००५ च्या आसपास. तिथे केवळ कार्बन डायऑक्साइडवर जगणाऱ्या पानाला मिळवण्यासारखं काही उरत नाही. जेवढं येतं तेवढं श्वसनात परत जातं.

म्हणून कबोंबाच्या बाटल्या ९ च्या आसपास अडतात आणि हायड्रिला १० ओलांडते. कबोंबाने ०.२७ उचललं, म्हणजे फुंकलेलं सगळं आणि वर थोडं. हायड्रिला १० पर्यंत गेली तर तिने ०.५४ मिलिमोल उचललं. हे लिटरला ६.५ मिलिग्रॅम कार्बन होतं, २५० च्या बाटलीत १.६ मिलिग्रॅम. नुसत्या पाण्याची बाटली जवळजवळ हलत नाही. गुंडाळलेल्या बाटलीत सामू उतरतो, कारण अंधारात फक्त श्वसन चालतं.

आकडे असे आले नाहीत तर कारण बहुधा पुढीलपैकी एक असतं. कबोंबा १० च्या पुढे गेली: शेवाळं. हायड्रिलाही ९ च्या खालीच थांबली: प्रकाश कमी, फांद्या जुन्या, किंवा पाणी न उकळल्याने ऑक्सिजन साचला. नुसत्या पाण्याच्या बाटलीचा सामू चढला: झाकण सैल आहे, फुंकलेला वायू बाहेर निघून पाणी हवेशी जुळतंय. ते ८.२ च्या आसपास स्थिरावतं, यावरून ओळख पटते. तिन्ही जुळ्या बाटल्यांत ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर निकाल मांडू नका, वजन आणि मीटर तपासून परत लावा.

पान हे कसं साधतं

पाण्यातलं पान मुळातच पातळ असतं. हायड्रिलाचं पान मध्यशीर सोडली तर दोनच पेशींच्या जाडीचं आहे. पर्णरंध्रं नाहीत, बाह्यत्वचेतच हरितलवकं भरलेली. कार्बनला चालावं लागणारं अंतर जितकं कमी तितकं बरं. सेराटोफायलमने पानाचे दोरे करून टाकले, तेही याचसाठी.

बायकार्बोनेट वापरण्याची मुख्य युक्ती पानाच्या दोन बाजूंत वाटलेली असते. खालच्या बाजूने पान प्रकाशाच्या ऊर्जेवर हायड्रोजन आयन बाहेर फेकतं. तिथलं पाणी आम्लधर्मी होतं, बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि ते आत झिरपतं. वरच्या बाजूने हायड्रॉक्साइड बाहेर पडतं, तिथला सामू १० च्या वर जातो. काही वनस्पतींत पेशीबाहेरचं कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर हा बदल झपाट्याने घडवतं, तर काहींत बायकार्बोनेट थेट पटलातून आत ओढलं जातं.

या दोन बाजूंतला फरक रंगात बघता येतो. ०.७ ग्रॅम अगर-अगर (पाणी गोठवणारी पूड) १०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात उकळून ४५ अंशांपर्यंत गार करा, मग सोड्याच्या साठ्याचे ०.२ मिलिलिटर आणि फिनॉल रेडचे (आम्लात पिवळा, अल्कलीत गुलाबी होणारा रंग) थेंब घाला. विरल आम्लाच्या एखाद्या थेंबाने रंग नारिंगी करा. काचेच्या पेट्री डिशमध्ये पातळ थर ओता, गोठत आला की हायड्रिलाची ताजी पानं खालची बाजू खाली करून ठेवा आणि वर तेवढाच पातळ थर द्या. दिव्याखाली अर्धा-पाऊण तास. वरून बघितलं की पानाभोवती गुलाबी, डिश उचलून खालून बघितलं की पिवळसर. प्रयोग नाजूक आहे. अगर गरम असताना पान ठेवलं तर ते मरतं, सोडा जास्त पडला तर रंग हलतच नाही. पाच-सहा पानं लावून त्यांतली एक-दोन जमली तरी समाधान मानावं.

वरच्या बाजूचा हा चढा सामूच हायड्रिलाच्या पानावर चुना बसवतो. कॅल्शियमचं पाणी असेल तर बायकार्बोनेटमधला अर्धा कार्बन पानात जातो, अर्धा कॅल्शियम कार्बोनेट होऊन पानावर किंवा तळाशी बसतो. विहिरीतली खरखरीत हायड्रिला किंवा कारा घ्या, वर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसतं ते बघा.

हे मोजायचं असेल तर वरचाच प्रयोग सोड्याच्या पाण्याऐवजी विहिरीच्या गाळलेल्या पाण्यात लावा आणि आधी-नंतर अल्कलिनिटी काढा. १०० मिलिलिटर पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, ०.०२ नॉर्मल आम्ल पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत. लागलेले मिलिलिटर गुणिले १० म्हणजे लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात अल्कलिनिटी. आपल्या सोड्याच्या पाण्याला बरोबर ५ मिलिलिटर लागायला हवेत, म्हणून आधी त्यावर हात बसवून घ्या. विहिरीच्या पाण्याची अल्कलिनिटी २० ने घटली तर लिटरला २० मिलिग्रॅम चुना बसला, २५० च्या बाटलीत ५. मोजण्याआधी पाणी गाळून घ्यायला विसरू नका, नाहीतर तरंगणारा चुना आम्लात विरघळून घट लपवतो. आणि वर दिलेले सामूवरून कार्बन काढायचे आकडे या पाण्याला लावू नका, इथे अल्कलिनिटीच बदललेली असते.

हायड्रिलाचा दुसरा डाव, आणि रात्रपाळी

उन्हाळ्यात दाट वाढलेल्या हायड्रिलाच्या गर्दीत दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड जवळपास संपतो आणि ऑक्सिजन उतू जातो. अशा वेळी ती ऊस आणि मक्यासारखा सी-४ मार्ग चालू करते. उसाच्या पानात त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी असतात. हायड्रिला हे सगळं एकाच पेशीत करते: पेशीद्रवात पेप कार्बोक्सिलेज हे विकर बायकार्बोनेट पकडून चार कार्बनचं आम्ल बनवतं, ते हरितलवकात फुटतं, आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटतो. फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोज यांच्या गटाने १९८० च्या सुमारास हे मांडलं. लहान दिवस, थंड पाणी आणि मुबलक कार्बन असेल तर तीच वनस्पती साधी सी-३ राहते, म्हणजे कार्बन थेट रुबिस्कोनेच पकडते. म्हणून डिसेंबरमधल्या आणि मेमधल्या हायड्रिलाचे निकाल एकाच तक्त्यात मिसळू नका. तारीख आणि मूळ जागेचं पाण्याचं तापमान लिहून ठेवा.

आयसोएटिस ही नेच्यांच्या दूरच्या नात्यातली पाणवनस्पती तर दिवस-रात्रच उलटी करते. रात्री पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो तेव्हा ती तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. जॉन कीली यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पावसाळी डबक्यांतल्या आयसोएटिसमध्ये हे दाखवलं. आयसोएटिसच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात पाचगणी आहे. सह्याद्रीच्या पठारांवरच्या जातीही काढून आणू नयेत. रात्रपाळी बघायची तर भातखाचरांत आणि तळ्यांत वाढणारी ऑटेलिया अलिस्मॉइड्स घ्या. बायकार्बोनेट, सी-४ आणि रात्रीचा साठा या तिन्ही युक्त्या एकाच झाडात असलेली ती विलक्षण वनस्पती आहे. रात्रीचा साठा मात्र ती कार्बन डायऑक्साइड कमी असलेल्या पाण्यातच करते.

पहाटे सहाला २ ग्रॅम पान, संध्याकाळी सहाला २ ग्रॅम. प्रत्येक वेळी खलात २० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात वाटा, गाळा, ५० पर्यंत भरा. ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सामू ८.३ होईपर्यंत घाला. हिरव्या रसात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग दिसत नाही, म्हणून मीटरच वापरा. दर मिलिलिटरला १० मायक्रोइक्विव्हॅलंट आम्ल, भागिले पानाचं वजन. पहाटेचा आकडा संध्याकाळपेक्षा ठळकपणे मोठा असेल तर रात्री साठा झाला. आधी हा हिशेब अंगणातल्या पानफुटीवर करून बघा. तिच्यात फरक इतका मोठा असतो की हात चुकत असेल तर लगेच कळतं.

शेततळ्यावर

हीच गोष्ट मोठ्या पाण्यात बघायची असेल तर सकाळी ६, ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ६ वाजता, हायड्रिलाच्या गर्दीत आणि मोकळ्या पाण्यात, पृष्ठभागाखाली एक वीत खोलीवर सामू मोजा. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभराच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. दुपारी तीनच्या सुमारास तो सगळ्यात वर जातो, आणि गर्दीतला आकडा मोकळ्या पाण्यापेक्षा चढा येतो. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांसाठी हा आकडा कामाचा आहे. कॅप्टनसारखं बुरशीनाशक अल्कधर्मी पाण्यात झपाट्याने विघटित होतं, आणि दुपारी तळ्यातून भरलेलं पाणी सकाळच्यापेक्षा बरंच अल्कधर्मी असू शकतं. फवारणीचं पाणी पहाटे भरून ठेवावं आणि टाकीत औषध घालण्याआधी सामू बघावा. मत्स्यशेतीत तर हे आणखी जपावं लागतं: सामू चढला की पाण्यातला अमोनिया माशांना विषारी असलेल्या रूपात जातो.

प्रयोग संपल्यावर हायड्रिला जिथून आणली तिथे परत टाकली तरी चालते, ती इथलीच आहे. कबोंबा मात्र मूळची अमेरिकेतली. तिचा एक तुकडाही नदीत, विहिरीत किंवा गटारीत जाऊ देऊ नका. कागदावर पसरून उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कचऱ्यात टाका. बाटल्यांचं पाणीही गाळून झाडाला घालावं, मोरीत नको. कबोंबाची फांदी मोडली की तुकड्यालाच नवं रोप फुटतं.